मॅनेजर बदलला, उमेदवार तोच

८ ऑगस्ट २०२३ रोजी फ्लोरिडाचे गव्हर्नर रॉन डिसँटिस यांनी आपल्या अध्यक्षपदाच्या मोहिमेच्या प्रमुख जेनेरा पेक यांना बाजूला केलं. बाजूला म्हणजे बाहेर नव्हे. 'मुख्य रणनीतिकार' असं नवं बिरुद देऊन त्यांना शेजारच्या खुर्चीत बसवलं आणि मोकळ्या झालेल्या खुर्चीवर गव्हर्नर कार्यालयातले चीफ ऑफ स्टाफ जेम्स उथमायर आले. त्याआधी जुलै महिन्यात ३८ जणांना नारळ मिळाला होता. एकूण पगारी माणसांतली ही एक तृतीयांशाहून जास्त. मोहीम सुरू होऊन तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. पुढच्या जानेवारीत ती संपली.

अमेरिकी निवडणुकांवर थोडंफार लक्ष ठेवणाऱ्याला या बातमीचा साचा पाठ असतो. आधी जनमत चाचण्या घसरतात. मग देणगीदार फोनवर कुरकुरतात आणि ती कुरकुर 'मोहिमेच्या निकटवर्तीयांच्या' तोंडून वर्तमानपत्रात येते. त्यानंतर एखाद्या मंगळवारी 'मोहिमेची पुनर्रचना' जाहीर होते. आपल्याकडे याला भाकरी फिरवणं म्हणतात. पत्रकार लगेच दोन गटांत विभागतात. काहींना वाटतं आता गाडी रुळावर येईल, काहींना वाटतं शेवटची घरघर लागली. मला हा वादच चुकीच्या जागी चाललेला दिसतो. कोण गेलं आणि कोण आलं यावरून जवळपास काहीच कळत नाही. उमेदवाराने स्वतः काय सोडलं, यावरून मात्र बरंच कळतं. गेल्या पंचेचाळीस वर्षांतल्या प्रायमरी तपासून पाहिल्या, तर ज्या मोहिमा गाळातून वर आल्या त्यांत उमेदवाराने आपल्या पदरचं काहीतरी मोजलेलं दिसतं. ज्या बुडाल्या त्यांत किंमत मोजली ती फक्त नोकरांनी.

आधी प्रायमरीबद्दल थोडं. आपल्याकडे तिकिटाची लढाई मुंबईच्या बंगल्यांवर आणि दिल्लीच्या दरबारात होते, आणि एबी फॉर्म हातात पडला की संपते. तिथे पक्षाचं तिकीट मतदारांकडूनच मिळवावं लागतं, एकेका राज्यात, महिनोन्‌महिने. मराठी वाचकाला जवळचं उदाहरण बेळगावात वाढलेल्या श्री ठाणेदारांचं. २०१८ साली मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक प्रायमरीत त्यांनी स्वतःच्या खिशातून कोट्यवधी डॉलर ओतले आणि तिसरे आले. चार वर्षांनी काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, जागेची प्रायमरी जिंकली आणि वॉशिंग्टनला पोचले. अध्यक्षपदाची प्रायमरी हे याच खेळाचं अजस्र रूप. काही महिन्यांत शेकडो माणसांची संस्था उभी करायची, ती उद्या असेल की नाही याची खात्री नसताना. उत्पन्न येणार देणग्यांतून, देणग्या येणार चाचण्यांतल्या आकड्यांवर, आणि पगार मात्र दर महिन्याला. डिसँटिस यांनी पहिल्या सहा आठवड्यांत दोन कोटी डॉलर जमवले आणि त्यातले ऐंशी लाखांच्या आसपास उडवलेही. विमानं भाड्याची, माणसं नव्वदच्या वर. म्हणजे पुनर्रचनेची बातमी येते तेव्हा पुष्कळदा ती रणनीतीची नसतेच, तिजोरीचा तळ दिसू लागल्याची असते. रणनीतीचं नाव तिला नंतर चिकटवतात.

रोनाल्ड रेगन यांचं १९८० सालचं उदाहरण मला सगळ्यांत बोलकं वाटतं, कारण ते नेहमी उलटं सांगितलं जातं. प्रचलित गोष्ट अशी: रेगन आयोवात, म्हणजे पहिल्याच राज्यात, हरले, त्यांनी मोहिमेचा सूत्रधार जॉन सिअर्स याला काढलं आणि मग जिंकत सुटले. तारखा पाहिल्या की ही गोष्ट टिकत नाही.

२१ जानेवारीला आयोवाच्या कॉकसमध्ये, म्हणजे गावोगावच्या सभांत जमून उमेदवार निवडायच्या पद्धतीत, थोरल्या जॉर्ज बुश यांनी रेगन यांना निसटत्या फरकाने मागे टाकलं. सिअर्स यांचा हिशेब असा होता की आपला माणूस सगळ्यांत पुढे आहे, त्याने इतरांच्या रांगेत उभं राहून स्वतःला लहान करून घेऊ नये. म्हणून आयोवातला वादविवाद टाळला, दौरे मोजकेच ठेवले. उंटावरून शेळ्या हाकायचा हा प्रकार होता आणि आयोवाच्या शेतकऱ्यांनी तो ओळखला. त्यानंतर रेगन न्यू हॅम्पशायरमध्ये बसमधून गावोगाव फिरले. सत्तरीला टेकलेला माणूस, फेब्रुवारीची थंडी. वादविवादांना आता नकार नव्हता. २३ तारखेला नॅशुआ गावच्या शाळेत बुश आणि रेगन यांचा दोघांचाच सामना ठरलेला होता आणि खर्च रेगन यांच्या मोहिमेने उचलला होता. ऐन वेळी रेगन उरलेल्या चार उमेदवारांना सोबत घेऊन मंचावर आले. संयोजक संपादकाने रेगन यांचा मायक्रोफोन बंद करायला सांगितलं, तेव्हा रेगन कडाडले की या मायक्रोफोनचे पैसे मी भरतोय. सभागृह डोक्यावर घेतलं गेलं. बुश खुर्चीत अवघडून बसून राहिले.

त्या चार उमेदवारांना आणायची शक्कल सिअर्स यांच्याच गोटातली. आणि तीन दिवसांनी, २६ फेब्रुवारीला, मतदान चालू असतानाच दुपारी सिअर्स, चार्ल्स ब्लॅक आणि जिम लेक या तिघांना काढल्याचं जाहीर झालं. विल्यम केसी नवे प्रमुख झाले. रात्री निकाल लागला: रेगन ५० टक्के, बुश २३. मतं पडत असताना माणसं काढली म्हणून ती मतं पडली, असं कोण म्हणेल? विजय आधीच्या पाच आठवड्यांत घडला होता. आपण आघाडीवर, म्हणून सुरक्षित, ही ऐट उमेदवाराने आयोवानंतर टाकली होती. हकालपट्टीचं कारण वेगळंच होतं. सिअर्स यांनी रेगन यांच्या कॅलिफोर्नियातल्या जुन्या माणसांना एकेक करून बाहेर काढायचा सपाटा लावला होता; मायकेल डीव्हर आधीच गेले होते आणि आता नंबर एड मीस यांचा होता. तिथे रेगन अडले. तो निर्णय महत्त्वाचा होता हे मान्य, पण मोहीम कोणाची आहे हे घरात ठरवण्यासाठी. मतदाराला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

जॉन केरी यांचंही असंच. नोव्हेंबर २००३ मध्ये डेमोक्रॅटिक प्रायमरीतले प्रतिस्पर्धी हॉवर्ड डीन यांच्या लाटेपुढे केरी कुठेच दिसत नव्हते. त्यांनी मॅनेजर जिम जॉर्डन यांना काढून सिनेटर टेड केनेडींच्या कार्यालयातल्या मेरी बेथ केहिल यांना आणलं. प्रवक्ते रॉबर्ट गिब्ज यांनी त्यावरून राजीनामा दिला. पुढे हेच गिब्ज बराक ओबामांकडे गेले आणि व्हाइट हाउसचे प्रवक्ते झाले, हा काळाने घेतलेला गमतीदार सूड. वर्तमानपत्रांनी तेव्हा केरींचा मृत्युलेख तयार ठेवला होता. पण त्याच आठवड्यात केरींनी सरकारी निवडणूक निधी नाकारला, कारण तो घेतला तर खर्चाच्या मर्यादा पाळाव्या लागल्या असत्या. आणि डिसेंबरात बोस्टनमधलं राहतं घर गहाण टाकून ६४ लाख डॉलरचं कर्ज काढलं. तो पैसा आणि तो माणूस, दोन्ही आयोवात जाऊन बसले. १९ जानेवारी २००४ ला केरींना ३८ टक्के मिळाले, डीन तिसरे. या विजयाचं श्रेय केहिल यांना द्यायला माझी हरकत नाही. त्यांनी भांडणं मिटवली, एका टेबलावर एकच बॉस राहील हे पाहिलं. पण घर त्यांनी गहाण टाकलं नव्हतं.

जॉन मॅकेन यांच्या बाबतीत तर गमावण्यासारखं काही उरलंच नव्हतं. जुलै २००७ मध्ये तिजोरीत वीस लाख डॉलर राहिले, डझनावारी लोक कमी केले गेले, मॅनेजर टेरी नेल्सन आणि वर्षानुवर्षांचे सोबती जॉन वीव्हर एकाच दिवशी गेले. त्यानंतर मॅकेन स्वस्त विमानांतून, आपली बॅग आपण उचलत न्यू हॅम्पशायरला जात राहिले. इराक युद्धाबाबतची न आवडणारी भूमिका त्यांनी सोडली नाही. सोडला तो आघाडीवरच्या उमेदवाराचा थाट. ८ जानेवारी २००८ ला न्यू हॅम्पशायर त्यांच्या पदरात पडलं.

मॅकेन रिपब्लिकन; आता त्याच वर्षीची डेमोक्रॅटिक पक्षातली मोहीम बघा. हिलरी क्लिंटन आयोवात तिसऱ्या आल्या. महिन्याभरात स्वतःचे पन्नास लाख डॉलर मोहिमेला उसने द्यायची वेळ आली. मग १० फेब्रुवारीला पॅटी सोलिस डॉयल यांच्या जागी मॅगी विल्यम्स आल्या. डॉयल वर्षानुवर्षं क्लिंटन यांच्या सोबत होत्या, पैशाचा हिशेब त्यांच्या हातून सुटला होता, याबद्दल फारसा वाद नाही. इथपर्यंत निर्णय योग्यच म्हणा. पण मोहीम हिशेबाने हरत नव्हती, गणिताने हरत होती, आणि ते गणित मांडणारी डोकी जागच्या जागी राहिली.

५ फेब्रुवारीच्या सुपर ट्यूसडेचा, म्हणजे एकाच दिवशी अनेक राज्यांत मतदान झालं त्या मंगळवारचा, एकच तपशील पुरे आहे. न्यू जर्सीत अकरा लाखांहून जास्त लोकांनी मतदान केलं. क्लिंटन तिथे दणक्यात जिंकल्या आणि पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार ठरवणाऱ्या प्रतिनिधींमध्ये त्यांना ५९ विरुद्ध ४८, म्हणजे ११ ची आघाडी मिळाली. त्याच दिवशी आयडाहो या डोंगराळ, रिपब्लिकन राज्यात कॉकसला एकवीस हजारांच्या आसपास माणसं आली. ओबामांच्या माणसांनी तिथे महिनोन्‌महिने आधी कार्यालय थाटलं होतं. आयडाहोचे १८ प्रतिनिधी १५ विरुद्ध ३ असे वाटले गेले: ओबामांना १२ ची आघाडी. म्हणजे आपल्या एखाद्या नगरपालिकेच्या दोन प्रभागांत मावतील एवढ्या माणसांनी अख्खं न्यू जर्सी पुसून टाकलं, आणि वर एक प्रतिनिधी शिल्लक. डेमोक्रॅटिक पक्षात प्रतिनिधी मतांच्या प्रमाणात वाटले जातात हा नियम काही गुपित नव्हता. पण क्लिंटन यांची सगळी आखणी 'आपण जिंकणारच' या गृहीतकावर उभी होती आणि जिंकणाऱ्याला आयडाहोची गरज कशाला? सुपर ट्यूसडेनंतर त्या फेब्रुवारीत लागोपाठ अकरा लढती गेल्या; मध्येच मॅनेजर बदलूनही ही रांग थांबली नाही. मुख्य रणनीतिकार मार्क पेन एप्रिलपर्यंत होते. त्यांना पायउतार व्हावं लागलं तेही त्यांच्या जनसंपर्क कंपनीने कोलंबियाच्या व्यापार करारासाठी काम केल्यामुळे, हरल्यामुळे नव्हे. आणि पद गेल्यावरही सल्ला चालूच राहिला. क्लिंटन यांनी पैसा घातला, झोप घातली, पण आपण अपरिहार्य आहोत ही समजूत काही शेवटपर्यंत हातातून सोडली नाही.

यावर रास्त आक्षेप असा येईल की मग मॅनेजर हे पद शोभेचं आहे का? नाही. वाईट मॅनेजर चांगली मोहीम नक्की बुडवू शकतो. बिलं थकतात, दोन गट एकमेकांविरुद्ध पत्रकारांना बातम्या पुरवतात, आयोवातल्या पोरांना मुख्यालयाचा फोन लागत नाही. हे दुखणं माणूस बदलून बरं होतं. पण उलटं होत नाही, चांगला मॅनेजर वाईट उमेदवारीला तारत नाही. याचा जणू प्रयोगच २०११ साली झाला. जूनमध्ये न्यूट गिंग्रिच पत्नीसोबत ग्रीक बेटांच्या सहलीहून परतले आणि त्यांच्या मोहिमेतले जवळपास सगळे वरिष्ठ एका दिवसात सोडून गेले. त्यांतले दोन मुख्य मोहरे, डेव्ह कार्नी आणि रॉब जॉन्सन, थोड्याच आठवड्यांत टेक्ससचे गव्हर्नर रिक पेरी यांच्याकडे रुजू झाले. पेरी वादविवादात आपण बंद करणार त्या तीन खात्यांपैकी तिसऱ्याचं नाव विसरले, तिथेही नवे लोक आणावे लागले आणि आयोवात ते पाचवे आले. माणसं गमावलेले गिंग्रिच मात्र वादविवादांच्या आणि एका धनाढ्य पाठीराख्याच्या पैशाच्या जोरावर जानेवारीत साउथ कॅरोलायना जिंकून मोकळे. पुढे तेही हरले, पण ती वेगळी गोष्ट.

डिसँटिस यांच्याकडे परत येतो, कारण त्यांच्या गोंधळात एक नवी विकृती आहे. २०१० सालच्या न्यायालयीन निकालांनंतर उभ्या राहिलेल्या सुपर पॅक या संस्था हवा तेवढा पैसा घेऊ शकतात, पण उमेदवाराशी संगनमत करू शकत नाहीत. डिसँटिस यांच्या जुन्या राज्यस्तरीय समितीतले सव्वाआठ कोटी डॉलर 'नेव्हर बॅक डाउन' या सुपर पॅककडे गेले आणि आयोवात दारोदार फिरायचं काम, म्हणजे मोहिमेचा कणाच, त्या संस्थेने उचललं. आता कार्यकर्ते एकीकडे, उमेदवार दुसरीकडे आणि मध्ये कायद्याची भिंत. ऑगस्टमध्ये पहिल्या वादविवादाआधी सल्ला द्यायचा होता, तर सुपर पॅकशी संबंधित कंपनीने तो टिपणाच्या रूपात चक्क आपल्या वेबसाइटवर ठेवला. ट्रम्प यांची बाजू घ्या, प्रतिस्पर्धी विवेक रामस्वामींवर घण घाला, वगैरे. पत्रकारांना तो सापडला, हसं झालं. नोव्हेंबर-डिसेंबरात त्या संस्थेचे प्रमुख गेले, अध्यक्ष गेले, शेवटी सूत्रधार जेफ रो यांनीही राजीनामा दिला. डिसँटिस यांना ही माणसं धड नेमता येत नव्हती की काढता येत नव्हती. पण ही रचना त्यांच्यावर कोणी लादली नव्हती. ती त्यांच्याच सोयीची होती, कारण मोठ्या देणगीदारांचा पैसा थेट मोहिमेला ठरावीक मर्यादेपलीकडे घेता येत नाही. ते आयोवाच्या ९९ च्या ९९ काउंटी, म्हणजे जिल्हे, फिरले. मेहनत कमी पडली असं कोणी म्हणणार नाही. ट्रम्प यांनी त्यांतल्या ९८ जिंकल्या. ट्रम्प यांच्यापेक्षा मी का, या प्रश्नाला ट्रम्प समर्थकाला पटेल असं उत्तर मे महिन्यातही नव्हतं आणि जानेवारीतही. नाचता येईना तेव्हा अंगण तीनदा बदललं, एवढंच.

या साऱ्यात ज्यांची नावं बातमीत येत नाहीत त्यांच्याबद्दल. मोठे मोहरे कुठे ना कुठे लागतात. सोलिस डॉयल यांना तर त्याच वर्षी जूनमध्ये ओबामांच्या मोहिमेनेच नोकरी दिली. सतरंज्या उचलणाऱ्यांचं तसं नसतं. २०१९ मध्ये कमला हॅरिस यांच्या मोहिमेत अधिकार कोणाचा हेच ठरत नव्हतं: मॅनेजर हुआन रॉड्रिगेझ, आणि मोहिमेच्या अध्यक्षपदी सख्खी बहीण माया हॅरिस. बहिणीला बाजूला सारायचं की मॅनेजरला, हा निर्णय फक्त एकच व्यक्ती घेऊ शकत होती आणि तिने तो घेतला नाही. ऑक्टोबरअखेर पैसा आटला तेव्हा बॉल्टिमोरच्या मुख्यालयातले लोक कमी केले. त्यानंतर एका महिला अधिकाऱ्याने राजीनाम्यात लिहिलं की ही माझी तिसरी अध्यक्षीय मोहीम, पण कर्मचाऱ्यांना इतकं वाईट वागवणारी संस्था मी पाहिली नाही. वॉशिंग्टनहून बॉल्टिमोरला बिऱ्हाड हलवायला लावलेल्यांना लगेच काढल्याचा त्यांचा संताप होता. पत्र छापून आलं आणि चारच दिवसांनी, ३ डिसेंबरला, हॅरिस यांनी माघार घेतली. कारण दिलं ते पैशाचं.

माझं म्हणणं काही जणांना भाबडं वाटेल, पण इथे कायद्याने हात घालायला जागा आहे. त्याच वर्षी बर्नी सँडर्स यांच्या मोहिमेतल्या कर्मचाऱ्यांनी युनियन केली. अध्यक्षपदाच्या मोठ्या मोहिमेत हे पहिल्यांदाच घडलं. जुलैत त्यांच्यात आणि मोहिमेत पंधरा डॉलर ताशी वेतनावरून जुंपलीही. हेच वेतन देशभर मिळावं म्हणून सँडर्स भाषणं करत होते, त्यामुळे विरोधकांना आयतं कोलीत मिळालं. पण भांडायला निदान करार होता आणि वाटाघाटीला टेबल होतं. बाकीच्या बहुतेक मोहिमांत तेही नसतं. गिंग्रिच यांची मोहीम तर चाळीस लाखांहून जास्त डॉलरची देणी मागे ठेवून गेली. उमेदवारी जाहीर करणाऱ्याने पगारावरच्या प्रत्येक माणसासाठी दोन महिन्यांचा पगार वेगळ्या खात्यात ठेवावा आणि तिमाही हिशेबात तो आकडा दाखवावा, एवढी अट घातली तर काय होईल? नव्वद माणसं भरती करण्याआधी उमेदवार दोनदा विचार करेल. आणि ऑगस्टमध्ये भाकरी फिरवायची हुक्की आली, तर तिची किंमत देणगीदारांना आधीच छापील दिसेल.